मुंबई एका वाक्यात आंदण मिळाली नाही : किनाऱ्यावरचे फलक लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कोकण किनाऱ्यावरचे जुने किल्ले व वखारी सांभाळणारे, त्यांचे माहितीफलक आणि पुस्तिका लिहिणारे, तसेच शालेय पुस्तकांत हा काळ मांडणारे सर्व अधिकारी आणि लेखक यांस,

सविनय नमस्कार.

पोर्तुगालच्या राजकन्येचे लग्न झाले आणि मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, असे एक वाक्य आपण सर्वत्र लिहीत आला आहात. किल्ल्यांच्या फलकांवर, पर्यटकांच्या हाती पडणाऱ्या घडीपत्रकांत, मुलांच्या धड्यांत ते आहे. लग्न झाले, मुंबई करारात लिहून दिली गेली, हे दोन्ही खरे. पण त्या वाक्यानंतर आपण थेट कापूस, गिरण्या आणि गोदीकडे वळता. मधली सगळी वर्षे गळून पडतात. इंग्रज, पोर्तुगीज, डच, मोगल, सिद्दी आणि मराठे या सहा सत्तांनी एकाच किनाऱ्यावर एकमेकांना अडवले, फसवले, कधी सोबतीला घेतले, तो काळ वाचकाला दिसतच नाही.

हे पत्र लिहिणारे आम्ही काही जण या काळाची कागदपत्रे वाचतो आणि लोकांना ही ठिकाणे दाखवतो. फलकावर जे लिहिलेले असते तेच माणूस घरी घेऊन जातो, तोंडी सांगितलेले चार दिवसांत विसरतो. म्हणून फलकावरची चूक आम्हाला किरकोळ वाटत नाही. गप्प बसून चालणार नाही अशा गोष्टी पुढे मांडत आहोत.

सर्वांत आधी मुंबईच्या हस्तांतराचे. विवाहाचा तह २३ जून १६६१ रोजी लंडनमध्ये झाला. त्याच्या अकराव्या कलमाने मुंबईचे बंदर आणि बेट दुसऱ्या चार्ल्सला दिले. सोबत वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) रोख आणि आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचे टँजियर बंदर. पोर्तुगालने एवढे का द्यावे, हे कुठल्याच फलकावर नसते. १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनच्या जोखडातून सुटला होता आणि ते युद्ध अजून चालू होते. पूर्वेकडे डच त्याची ठाणी एकामागून एक गिळत होते : १६४१ मध्ये मलाक्का, १६५६ मध्ये कोलंबो, १६५८ मध्ये जाफना. तहाला एक गुप्त कलम जोडलेले होते. त्यानुसार पूर्वेतल्या पोर्तुगीज मुलखाचे डचांपासून रक्षण करण्याची जबाबदारी इंग्लंडच्या राजाने घेतली होती. मुंबई ही त्या संरक्षणाची किंमत होती. लग्नाचा उल्लेख करून हे कलम वगळले, तर व्यवहाराचे कारणच वगळले जाते.

तह झाला तरी बेट मिळाले नाही. अर्ल ऑफ मार्लबरो पाच जहाजे आणि मुंबईचा नेमलेला गव्हर्नर सर अब्राहम शिपमन याच्या हाताखालचे सुमारे चारशे शिपाई घेऊन निघाला, तो सप्टेंबर १६६२ मध्ये मुंबईच्या बंदरात पोचला. गोव्याचा नवा व्हाइसरॉय अंतोनियो दे मेलो द कास्त्रो याच ताफ्यातून आला होता. त्याने ताबा देण्यास नकार दिला. शिपमनकडची अधिकारपत्रे नमुन्याप्रमाणे नाहीत, हा त्याचा पहिला आक्षेप. दुसरा वाद अधिक खोल होता : ‘मुंबई’ म्हणजे नेमके किती? इंग्रज साष्टी आणि ठाण्यावरही हक्क सांगत होते. पोर्तुगीज फक्त एक बेट मोजत होते. मार्लबरोने वाद घातला, काही हाती लागले नाही, आणि तो परतला. शिपायांना सुरतेत उतरवावे तर मोगल सुभेदार परदेशी फौजेला जमिनीवर पाय ठेवू देईना. तशी परवानगी मागणेही तिथल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाऱ्यांना नको होते, कारण संशय आला तर वखारच बंद पडायची.

शेवटी हे चारशे जण कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरले. लहानसे बेट, निवारा अपुरा, धान्य बाहेरून आणायचे, आणि डोक्यावर पश्चिम किनाऱ्याचा पावसाळा. तापाने आणि हगवणीने माणसे मरू लागली. एप्रिल १६६४ मध्ये शिपमनही गेला. नव्याने लिहिलेली अधिकारपत्रे लंडनहून आली, तोवर ज्याच्या नावाने ती होती तोच उरला नव्हता. त्याचा चिटणीस हम्फ्री कुक पुढे झाला आणि व्हाइसरॉयने पुन्हा शंका काढली : मेलेल्या माणसाचे अधिकार चिटणिसाला कसे पोचतात? गोव्यात त्यावर रीतसर खल झाला. मुंबईत उतरेपर्यंत चारशेंपैकी शंभराच्या आसपास माणसे शिल्लक होती.

जानेवारी १६६५ मध्ये कुकने गोव्यात एक करार केला. आमच्या मते मुंबईच्या फलकांवर सर्वांत आधी यायला हवा असा हा कागद आहे आणि तो कुठेच नाही. त्यातल्या अटी पाहा. बेट फक्त मुंबईचे, माहीम त्यात नाही. पोर्तुगीजांच्या होड्या बंदरातून मोकळ्या जातील, त्यांच्याकडून जकात घ्यायची नाही. पळून आलेले लोक एकमेकांना परत करायचे. जमीनमालकांचे हक्क आणि रहिवाशांचा कॅथलिक धर्म यांना हात लावायचा नाही. मग १८ फेब्रुवारी १६६५ रोजी बेटाची मालकीण दोना इनेस द मिरांदा हिच्या वाड्यात ताबा दिला गेला. कुकने हातात माती आणि दगड घेतले, आणि कायद्याच्या भाषेत जमीन इंग्लंडच्या राजाची झाली. त्या वाड्याभोवतीच पुढे मुंबईचा कोट उभा राहिला. आज ती जागा नौदलाच्या आवारात आहे, सामान्य माणसाला तिथे जाता येत नाही. बाहेरच्या रस्त्यावर एक फलक लावायला मात्र कुणाची हरकत नसावी.

लंडनने हा करार नामंजूर केला, पण बेट ठेवून घेतले. कुकने तर करार केल्याच्या वर्षीच तो मोडला. ओहोटीला मुंबईहून माहीमपर्यंत पायी जाता येते, तेव्हा ते वेगळे बेट कसे, असा युक्तिवाद करून त्याने माहीम, शीव, धारावी, वडाळा ताब्यात घेतले. कुलाबा तर १६७५ पर्यंत इंग्रजांकडे नव्हता. आपल्या फलकांवर ‘सात बेटे १६६१ मध्ये इंग्रजांना मिळाली’ असे असते, त्यात वर्ष चूक आहे आणि बेटांची संख्याही चूक आहे. एक बेट १६६५ मध्ये मिळाले आणि बाकीची पुढच्या दहा वर्षांत, कधी वादाने, कधी जबरदस्तीने घेतली गेली. व्हाइसरॉयला हे आधीच दिसत होते. इंग्रज मुंबईत बसले की त्या दिवशी हिंदुस्थान हातचा गेला, या अर्थाचे पत्र त्याने जानेवारी १६६५ मध्ये आपल्या राजाला लिहिले. राजाज्ञेपुढे त्याचा इलाज चालला नाही.

आणखी तीन वर्षांनी, २७ मार्च १६६८ च्या सनदेने, राजाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. भाडे वर्षाला १० पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला भरायचे. राजाला बेटाचा खर्च परवडत नव्हता. त्यावरची शिबंदी पोसायलाच उत्पन्न पुरेना. कंपनीला मात्र ही जागा कित्येक वर्षांपासून हवी होती. सुरतेच्या इंग्रज कौन्सिलने १६५२ मध्येच मुंबई पोर्तुगीजांकडून विकत घ्यावी असे सुचवले होते. राजाची मुंबई आणि कंपनीची मुंबई यांतला फरक फलकावर एका ओळीत सांगता येतो. तो न सांगितल्यामुळे १६६५ ते १६६८ मधले गव्हर्नर, त्यांची आपसातली भांडणे आणि सुरतेच्या व्यापाऱ्यांशी असलेले वितुष्ट हे सगळे अनाकलनीय होऊन बसते.

कंपनीला मुंबई का हवी होती, हे समजायला सुवाळी पाहावी लागते. तापीच्या मुखाशी वाळूचा बांध असल्याने मोठी जहाजे सुरतेपर्यंत जात नसत. सुरतेच्या पश्चिमेला समुद्रकिनाऱ्यावर सुवाळी आहे. तिथे किनाऱ्याला समांतर वाळूचा दांडा आणि मध्ये खोल पाण्याची अरुंद पट्टी आहे. जहाजे तिथे नांगरायची, माल बैलगाडीने शहरात जायचा. नोव्हेंबर १६१२ मध्ये थॉमस बेस्टने दोन जहाजांनिशी पोर्तुगीजांच्या चार मोठ्या लढाऊ जहाजांशी आणि सोबतच्या लहान होड्यांच्या थव्याशी इथेच टक्कर दिली. पोर्तुगीज जहाजे उंच आणि जड, त्यांना खोल पाणी लागे. इंग्रज जहाजे त्या अरुंद पट्टीत शिरू शकत आणि तिथून तोफा चालवू शकत. १६१५ च्या आरंभी व्हाइसरॉय जेरोनिमो द आझेवेदो स्वतः मोठा ताफा घेऊन आला. निकोलस डाउनटनने त्याच पट्टीचा आधार घेऊन त्याला परतवले. मोगल दरबाराला यातून एवढेच कळले की समुद्रावर पोर्तुगीज एकटे राहिलेले नाहीत. वखारीची परवानगी त्या जाणिवेतून टिकली.

पण सुवाळीला दोन मोठे दोष होते. पावसाळ्यात ती उघडी पडे, म्हणून जहाजांना सप्टेंबर-ऑक्टोबरात येऊन जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत निघावे लागे. आणि जमीन मोगलांची असल्याने तिथे तट बांधता येत नसे. मुंबईचे बंदर पावसाळ्याचे चारही महिने आडोशाचे, पाणी खोल, आणि तट बांधायला कुणाची परवानगी नको. एवढी दोन वाक्ये मुंबईच्या कोणत्याही फलकावर असतील, तर लग्नाच्या गोष्टीपेक्षा ती मुलांना कितीतरी जास्त शिकवतील.

आता डचांबद्दल. आपल्या लिखाणात ते जवळजवळ नाहीतच, आणि ही उणीव आम्हाला सर्वांत जास्त खटकते. १६२३ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या अंबोइना बेटावर डचांनी दहा इंग्रजांना कट केल्याच्या आरोपाखाली ठार केले. त्याचे व्रण लंडनमध्ये पिढीभर राहिले. तरीही १६२६ च्या ऑक्टोबरात इंग्रज आणि डच जहाजे मिळून मुंबईच्या बंदरात आली आणि त्यांनी पोर्तुगीजांचा वाडा व मठ जाळला. म्हणजे इंग्रजांनी मुंबई मिळण्याच्या जवळपास चाळीस वर्षे आधी ती एकदा जाळली होती, तीही डचांच्या सोबतीने. पुढे १६३५ मध्ये सुरतेचा प्रेसिडेंट मेथवोल्ड गोव्याला गेला आणि त्याने पोर्तुगीजांशी युद्धविराम केला. डचांचा व्यापार इतका वाढला होता की जुन्या शत्रूशी जुळवून घेणे इंग्रजांना परवडत होते.

दुसऱ्याच वर्षी डचांनी गोव्याची नाकेबंदी सुरू केली. ती दर मोसमात चाले. पावसाळा ओसरला की बटाव्हियाहून (आजच्या जकार्ताहून) जहाजे येत, मांडवीच्या मुखासमोर आग्वादजवळ नांगर टाकत, आणि पुढच्या पावसाआधी उठत. लिस्बनला मिरी नेणारी जहाजे त्यामुळे अडकून पडत. आठ-आठ महिने समुद्रावर बसायचे म्हणजे गोडे पाणी, तांदूळ, मांस, लाकूड, आणि गोव्यातल्या हालचालींची बातमी हवी. त्यासाठी १६३७ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीने डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. वेंगुर्ल्याची वखार हा त्या नाकेबंदीचा कणा होता, आणि तो आजही उभा आहे, जेमतेम.

मुंबई इंग्रजांकडे गेल्यावरही डचांनी तिच्यावरचा डोळा काढला नाही. फेब्रुवारी १६७३ मध्ये डच सेनानी व्हॅन गोन्सचा आरमारी ताफा मुंबईसमोर आला. तेव्हा तिसरे इंग्रज-डच युद्ध चालू होते. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने तोफा चढवल्या, शिबंदी आणि रहिवाशांची फौज उभी केली, आणि तयारी पाहून ताफा परतला. शीवच्या टेकडीवरचा किल्ला, शिवडीचा किल्ला हे याच काळातले. शीवच्या पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू होत होती. या किल्ल्यांचा रोख कुणाकडे होता ते फलकावर लिहिलेले नसले, तर पाहणाऱ्याला ते टेकडीवरचे नुसते दगड दिसतात.

तिसरी गोष्ट इथल्या माणसांची. आपल्या लिखाणात युरोपीय सत्ता व्यवहार करतात आणि इथले लोक पाहत राहतात. कागद तसे सांगत नाहीत. १६६० मध्ये राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा-दारूगोळा घेऊन पन्हाळ्याच्या वेढ्यात गेला. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूर मारले, वखार खणली, इंग्रजांना कैदेत टाकले. ते १६६३ मध्ये सुटले. त्या वखारीच्या भरपाईची मागणी इंग्रज तेरा वर्षे करत राहिले. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तो हेच बोलायला. मुंबईचे धान्य, लाकूड आणि सरपण समोरच्या मुलखातून येत होते. त्यामुळे महाराजांना दुखवून बेट चालत नव्हते. उलट मोगलांना दुखवले तर सुरत जाणार. मोगलांच्या बाजूच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात माझगावला येऊन राहू लागे, तेव्हा ही कोंडी दरवर्षी घट्ट होई.

१६७९ मध्ये महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केले. मुंबईच्या बंदराचे तोंड तिथून नजरेत येते, म्हणून इंग्रजांनी ते थांबवायला जहाजे पाठवली. जड जहाजांना बेटाजवळच्या खडकांत शिरता येईना. मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्ह्यांवर चालत, वारा पडला तरी चालत, रात्री किनाऱ्यावरून माणसे आणि सामान पोचवत. सुवाळीला जो फायदा इंग्रजांना पोर्तुगीजांवर मिळाला होता, तोच इथे मराठ्यांना इंग्रजांवर मिळाला. काही महिन्यांनी इंग्रजांनी माघार घेतली आणि किल्ला राहिला. २०२५ मध्ये खांदेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आहे. तिथे येणाऱ्या माणसाला समोरच्या मुंबईत तेव्हा कोण होते आणि त्यांना हे बेट का खुपत होते, हे कळायलाच हवे.

बेटावरच्या रहिवाशांचेही तेच. पोर्तुगीज काळापासूनच्या जमिनींचे कागद इंग्रजांनी तपासायला घेतले आणि मोठा असंतोष झाला. नोव्हेंबर १६७२ मध्ये ऑन्जियरने रहिवाशांशी करार केला : त्यांनी मिळून वर्षाला २०,००० शेराफिन (पोर्तुगीज अमलातले नाणे) भरायचे, आणि जमिनी त्यांच्याकडे राहतील. मुंबईतल्या जमिनीच्या हक्कांचा विचार पुढच्या काळात ज्या कागदाकडे मागे वळून केला गेला, तो हा. फोर्टात त्याचा उल्लेख असलेला एकही फलक आमच्या पाहण्यात नाही.

तारखांबद्दलही लिहिणे भाग आहे. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग होते. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच ग्रेगोरियन स्वीकारले. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचे अंतर आहे. शिवाय इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी १६६५ चा इंग्रजी कागद स्वतःवर १६६४ लिहितो. मुंबईच्या ताब्याची १८ फेब्रुवारी ही पोर्तुगीज पंचांगाची तारीख आहे, इंग्रजी कागदात त्याच दिवसाला ८ फेब्रुवारी म्हणतील. तहाची २३ जून मात्र इंग्रजी आहे. एकाच फलकावर दोन्ही पद्धतींच्या तारखा शेजारीशेजारी लिहिल्या जातात आणि घटनांमधले अंतर चुकते. मराठी वाचकाला हे अवघड नाही. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन आहे आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीशी ती कशी जुळते, हे इथे बरेच जण जाणतात. तारखेपुढे ‘जुनी’ किंवा ‘नवी’ एवढे लिहिले तरी पुरे.

आता वेंगुर्ल्याच्या वखारीकडे वळतो, कारण फलक नंतरही लिहिता येतील, भिंत एकदा पडली की गेली. ही वास्तू राज्य संरक्षित आहे आणि ती मोडकळीला आलेली आहे. छप्पर नाही, भिंतींत झाडे रुजली आहेत, माथे उघडे आहेत. बांधणी जांभ्या चिऱ्यांची. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो, पाणी आत घेतो आणि कोरडा झाला की सोडतो. चुना त्याच्या जोडीला शोभतो, कारण तोही श्वास घेतो. सिमेंटने दरजा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, भरल्या की पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ते चिऱ्यातून निघते. समुद्राजवळच्या पाण्यात मीठ असते. ते चिऱ्याच्या तोंडाशी स्फटिक होऊन साठते आणि दगड पापुद्र्यांनी सुटू लागतो. चार-पाच पावसाळ्यांत सिमेंटची रेघ तशीच राहते आणि तिच्या भोवतीचा दगड आत गेलेला दिसतो. किनाऱ्यावरच्या अनेक डागडुज्यांत हे झालेले आहे.

झाडांचे तसेच. वड-पिंपळ उपटून काढायचा नसतो. मुळे भिंतीच्या गाभ्यात गेलेली असतात, ओढली की गाभा बाहेर येतो. खोड कापून, बुंध्याला भोके पाडून, त्यात मूळ मारणारे औषध भरायचे. मूळ पूर्ण वाळल्यावर ते हळूहळू काढायचे आणि पोकळी पातळ चुन्याने भरायची. भिंतीच्या माथ्यावर उतार देऊन चुन्याचा काँक्रीट थर घालायचा, म्हणजे पाणी आत मुरत नाही. चुना भिजवून निदान काही आठवडे मुरवायचा. जुन्या चुन्याचा नमुना तपासूनच सुरखी (विटांची पूड) आणि वाळूचे प्रमाण ठरवायचे. काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवायचे, कारण ओलसर ठेवत चुना पक्का व्हायला वेळ लागतो आणि मेअखेर पाऊस येतो. मार्चच्या शेवटी निधी मिळाला म्हणून एप्रिलमध्ये काम उरकले, तर पहिल्या पावसात चुना वाहून जातो आणि दोष चुन्यावर ढकलला जातो. आणखी एक : ढासळलेले चिरे जिथे पडले तिथेच आधी मोजायचे, रेखाटायचे, त्यांवर क्रमांक टाकायचे. ते ‘राडारोडा’ म्हणून उचलले गेले तर कमान किती रुंद होती हे सांगणारा पुरावाच जातो.

आमच्या मागण्या अशा आहेत.

वेंगुर्ल्याच्या वखारीचे मोजमाप आणि छायाचित्रण येत्या दिवाळीपूर्वी पूर्ण करून लोकांसमोर ठेवावे. पुढच्या पावसाळ्याआधी निदान झाडांची मुळे आणि भिंतींचे माथे एवढे काम चुन्यातच करावे. सिमेंट वापरण्यास लेखी मनाई असावी.

मुंबईच्या किल्ल्यांवरचे व फोर्ट परिसरातले फलक नव्याने लिहावेत. त्यांवर १६६१ चा तह, १६६५ चा करार आणि ताबा, १६६८ ची सनद, १६७२ चा रहिवाशांशी करार ही चारही नावे यावीत, आणि प्रत्येक किल्ल्याच्या फलकावर तो कोणासमोर उभा केला गेला ते असावे. सोबत सतराव्या शतकातल्या किनाऱ्याचा नकाशा हवा. आजच्या नकाशावर सात ठिपके काढून ते बेटे म्हणून दाखवू नयेत. फलक आधी मराठीत लिहावा, इंग्रजी मजकूर त्यावरून व्हावा. आज उलट होते आणि मराठी वाक्ये अर्थ लागत नाही अशी उतरतात.

राजापूर, वेंगुर्ला, खांदेरी, शीव, वसई या ठिकाणांच्या फलकांनी एकमेकांचा उल्लेख करावा. गुजरातेतल्या सुवाळीचा आणि गोव्यातल्या अंजदीवचाही. त्यासाठी दोन्ही राज्यांतल्या संबंधित खात्यांना पत्र लिहावे लागेल, ते लिहावे. गोव्याच्या पुराभिलेखागारातले पोर्तुगीज कागद आणि मुंबईतले वखारीचे दप्तर वाचू शकणारी एक-एक व्यक्ती मजकूर तपासणाऱ्या समितीत असावी. डच वाचू शकणारी तिसरी मिळाली तर उत्तमच.

शालेय पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत ‘आंदण’ हे वाक्य राहू द्या, पण त्याच्यापुढे तीन वाक्ये जोडा : पोर्तुगालला डचांविरुद्ध मदत हवी होती, बेटाचा ताबा मिळायला जवळपास चार वर्षे लागली, बाकीची बेटे नंतर घेतली गेली. जागा तेवढीच लागेल.

फलकांचे मसुदे छापण्यापूर्वी निदान एक महिना लोकांच्या सूचनांसाठी खुले ठेवावेत. ते आम्ही तारखांसह, विनामूल्य तपासून देऊ.

कळावे,
आपले,
किनाऱ्याच्या इतिहासाचे काही अभ्यासक आणि वाटाडे